कण्यावरचा हात

नावा बांधण्याच्या त्या आवारात शिरलं की आधी लाकडाचा वास यायचा, मग डांबराचा, आणि मग आबांचा प्रश्न. वासांची नाकाला सवय होऊन जाई. प्रश्नाची होत नसे, कारण तो प्रत्येकाला एकदाच विचारला जाई आणि त्याच्या उत्तरावर माणूस आत तरी राही, नाहीतर बाहेर तरी जाई.

रीत ठरलेली होती. काम मागायला आलेल्याला आबा आवाराच्या मध्यावर नेत. तिथे नव्या नावेचा कणा ठोकळ्यांवर आडवा ठेवलेला असे. कणा म्हणजे नावेच्या तळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांब वासा. सगळ्या फळ्या शेवटी त्यालाच येऊन बिलगतात. "हात ठेव," आबा म्हणत. तो ठेवी. "आता सांग. नदीवर पूल हवा का नको?"

नको म्हणणारा आत. हवा म्हणणारा आल्या पावली परत. आणि "बघू", "दोन्हीकडून विचार करायला हवा" असं काही पुटपुटणारा असेल, तर त्याला आबा आधी पाणी पाजत आणि मग वाटेला लावत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आबा नव्या माणसाच्या हातात मोगरी देत. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. तिने दोन फळ्यांमधल्या सांध्यात सुताचा पीळ ठोकून बसवायचा आणि वरून डांबर ओतायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. माणूस ठोकू लागला की आबा डोळे मिटून ऐकत. सांधा पोकळ राहिला तर ठोका बोदा येतो, नीट भरला तर खणखणीत. "हा आपला," ते डोळे न उघडताच म्हणत. पण पूल होणार अशी बातमी आली, खांब कुठे उभे राहणार त्याच्या खुणा म्हणून नदीत लाल रंगाचे खुंट रोवले गेले, आणि त्या दिवसापासून आबांनी डोळे मिटले ते ऐकण्यासाठी नव्हे. मोगरी खुंटीवर गेली. हात कण्यावर आला.

त्यांचं चुकत होतं असंही कुणाला म्हणता येईना. पूल झाल्यावर नाव कोण बांधून घेणार? आबांच्या वडिलांचा घाम या मातीत जिरला होता, आबांचा स्वतःचा जिरत होता. पूल हवा म्हणणारा माणूस त्यांच्या आवारात उभा राहून त्यांच्याच पोटावर पाय देतो, असं त्यांना वाटे. दुखऱ्या जागी बोट लागू नये म्हणून माणूस जपतो, तसे ते आवार जपत होते.

आबांची लेक थोरली. घरात, आवारात, काठावर सगळे तिला थोरलीच म्हणत. धाकटं कुणी कधी जन्माला आलंच नाही. आईने आशेने हाक मारली होती, आई गेली, आशा गेली, हाक राहिली. आता आबांच्या हातांना कंप सुटला होता, तेव्हा फळ्या निवडण्यापासून डांबर तापवण्यापर्यंत सगळं थोरलीच बघे. आबांकडे एक स्टूल उरलं होतं आणि एक प्रश्न.

थोरलीला तो प्रश्न कधीच कुणी विचारला नव्हता. घरच्या लेकीला काय विचारायचं?

त्या वर्षी आवाराच्याच मालकीची, उतारूंना पलीकडे नेणारी मोठी नाव बांधायला घेतली होती. जुन्या नावेचा तळ इतका कुजला होता, की वल्हवणाऱ्याच्या जोडीला एक माणूस नुसतं पाणी उपसायला बसे, आणि उतारू पायताणं हातात घेऊन बसत. नदीचं पाणी वाढायच्या आत नवी नाव पाण्यात जायलाच हवी होती. कणा तयार, फळ्या ठोकून झालेल्या, राहिले फक्त सांधे. आणि सांधे भरणाऱ्या म्हाताऱ्याला नेमकं दिसेनासं झालं.

तेव्हा पहिल्यांदा ती बाई आली. नदीच्या खालच्या अंगाला एक आवार होतं ते बंद पडलं, तिथे ती सांधे भरायची, म्हणून सगळे तिला सांधेवाली म्हणत. आबांनी तिला मध्यावर ठेवलेल्या, पुढच्या नावेच्या कण्यापाशी नेलं. तिने हात ठेवला, आणि विचारल्याबरोबर, वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं, "हवा."

"वाट माहीत आहे ना?" आबा म्हणाले.

माहीत होती. ती वळली. जाता जाता मात्र मोठ्या नावेपाशी थांबली, एका सांध्यावरून बोट फिरवलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं बोलली, "लाकूड फार सुकलंय. हलक्या हाताने भरा." आणि गेली. थोरली तिच्या पाठीकडे बघत राहिली.

तिच्यामागून आला तो एक आडदांड गडी. त्याने कण्यावर एक सोडून दोन्ही हात ठेवले आणि आबांचा प्रश्न संपायच्या आत "नको" म्हटलं. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आबांचे धाकटे भाऊ, सगळ्यांचे काका, करवतीवर असायचे. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव होयबा ठेवलं. काका म्हणायचे, नाही म्हणून होयबा झालेला हा जगातला पहिलाच.

होयबा वाईट नव्हता. फक्त त्याला वाटे, घट्ट म्हणजे चांगलं. सुक्या लाकडात त्याने सुताचे पीळ असे ठेचून भरले की सांधे दगडासारखे झाले. थोरलीने दोनदा सांगितलं, जरा सैल ठेव. तो म्हणाला, आबा बघतायत ना. आबा बघत होते खरे, पण आबांना सांध्यावर आपला माणूस दिसत होता, सांधा दिसत नव्हता.

नाव काठाजवळच्या उथळ पाण्यात मुरायला ठेवली. लाकूड पाणी प्यायलं आणि फुगलं. फुगायला जागा म्हणून नव्हती. दुपारी जेवणं चालली असताना पाण्याकडून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. सगळे ताटावरून उठून धावले. तळाची एक फळी खिळ्यांसकट बाजूला सरकली होती आणि नाव निवांत बसत चालली होती, एखादी दमलेली म्हैस पाण्यात बसते तशी.

नाव ओढून वर काढली. सगळे ओलेचिंब. आणि मग काका, कपाळाचं पाणी निपटत, अगदी मनापासून म्हणाले, "हा आतून पूलवाला असणार."

थोरलीला वाटलं काका थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. माना हलू लागल्या. कुणाला आठवलं, होयबा एकदा त्या लाल खुंटांकडे टक लावून बघत होता. आबांनी त्याला पुन्हा कण्यापाशी नेलं, पुन्हा हात ठेवायला लावला, पुन्हा विचारलं. होयबा आता रडकुंडीला आला होता. "नको," तो म्हणाला, पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात. आबांचा चेहरा निवळला. "जा," ते म्हणाले, "सांधे उकल आणि परत भर." तेच सांधे, त्याच मोगरीने, त्याच हाताने.

त्या क्षणी थोरलीच्या मनात काहीतरी ठरलं. राग आला असं नव्हे. दोर ओला झाला की गाठ आपोआप आवळते, तसं.

सांधेवाली तिला सापडली ती एका धुलाईघरात. तिथे चादरी उकळायची लाकडी पिंपं होती, ती गळत, आणि ती गळती बुजवायचं काम तिने धरलं होतं. वाफेत काही दिसत नव्हतं. थोरली मोगरीच्या आवाजाच्या मागाने गेली. सांधेवाली पिंपाच्या आत बसून ठोकत होती, आणि ठोक्यावर ठोका पडावा म्हणून गुणगुणत होती:

फळीला भेटते फळी, मधी ठेवावा श्वास,
पाणी पिऊन फुगेल, नको आवळूस फास.

थोरली पिंपाच्या काठावर हात ठेवून ऐकत राहिली. मग झालं ते सगळं सांगितलं. फळी सरकल्याचं ऐकून सांधेवाली हळहळली, जशी कुणाच्या घरच्या आजारपणाने माणूस हळहळतं. पण परत यायला तयार होईना.

थोरलीने सुचवून पाहिलं. एक शब्द तर म्हणायचा. तोंडाने म्हणून टाकायचा, मनातलं मनात.

सांधेवाली पिंपातून वर बघत हसली. "मनातलं मनात ठेवून तुमच्या आवारात किती जण बसलेत, ताई?"

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने विषय बदलला. निदान तिला वाटलं की बदलला. विचारलं, पूल हवा असलेल्या बाईला नावा कशाला बांधायच्या आहेत?

तेव्हा सांधेवालीने मोगरी खाली ठेवली. तिची धाकटी बहीण बाळंतपणात अडली होती, नदीला पूर होता आणि दवाखाना पलीकडे. काठावर बाज ठेवून सगळे आबांच्या तोंडाकडे बघत होते. आबांनी पाण्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि नाही म्हणाले. बहीण तिथेच गेली. बाळ वाचलं, ते आता मावशीलाच आई म्हणतं.

"तुझ्या वडिलांवर माझा राग नाही," ती म्हणाली. कळलं नाही कधी, पण ती तुम्हीवरून तूवर आली होती. "त्या पाण्यात नाव घातली असती तर बहिणीबरोबर आणखी चार जण गेले असते. त्यांनी नाव काढली नाही ते बरोबर होतं. ते बरोबर होतं, म्हणूनच पूल हवा. आणि पूल होईल तेव्हा होईल. तोवर माणसं पाण्यातूनच जाणार ना? त्यांचे पाय कोरडे राहायला नकोत?"

थोरलीला तो दिवस कुणी सांगायची गरज नव्हती. ती आबांच्या शेजारीच उभी होती, नावेचा दोर हातात धरून. दोराचे वळ कितीतरी दिवस तळहातावर होते.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "पुढच्या दाराने."

सकाळी आवार भरलेलं होतं. होयबा सांधे उकलत होता, काका करवतीला धार लावत होते, आबा स्टुलावर होते. सांधेवाली आत आली, सूत काखेत, मोगरी हातात. आबांनी तिला ओळखलं आणि तरीही उठले. रीत ती रीत. तिनेही न सांगता कण्यावर हात ठेवला.

"हवा का नको?"

"हवा. मागच्या वेळी सांगितलं होतं, आबा."

"मग परत कशाला आलीस?"

"मी बोलावलंय," थोरली म्हणाली. "नावेचे सांधे त्या भरणार आहेत."

करवतीचा आवाज थांबला. आबांनी लेकीकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, पोरगी दमलीय. समजावणीच्या सुरात ते म्हणाले की आवार लाकडावर उभं नसतं, माणसांवर उभं असतं. एक फळी कुजकी लागली तर चालेल, ती बदलता येते, पण ज्याला आपण नकोच आहोत असा माणूस आत घेतला की संपलं. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की फळी सरकली ती कुणामुळे, आतल्या माणसामुळे का बाहेरच्या? होयबाने मान खाली घातली. आबांनी कण्यावर बोट ठोकलं.

"तू हिची बाजू घेतेस," ते म्हणाले. "ये इकडे. ठेव हात."

काका मध्ये पडले. म्हणाले, दादा, पोरीला काय विचारता, घरचीच आहे. पण आबांनी बोट उचललं आणि काका जागच्या जागी थांबले.

थोरली आली. हा कणा तिनेच निवडला होता, तिनेच तासला होता. कुठे गाठ आहे, कुठे रेष वळते, तिच्या हाताला पाठ होतं. एक शब्द तर म्हणायचा होता. तोंडाने म्हणून टाकायचा, मनातलं मनात. सांधेवाली तिच्याकडे बघत नव्हती. तिने मुद्दाम नदीकडे तोंड केलं होतं. थोरलीने तळहात कण्यावर टेकवला.

"हवा," ती म्हणाली.

काकांनी करवत खाली ठेवली.

"कधीपासून?" आबांनी विचारलं, आणि तो आवाज रीतीतला नव्हता.

"त्या बाजेच्या दिवसापासून. तुमच्या शेजारीच उभी होते."

"आणि तरी नावा बांधत आलीस?"

"वाईट बांधल्या का, आबा? एक तरी?"

आबांनी मोठ्या नावेकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग ते म्हणाले, "मग तूही जा."

"जाणार नाही," थोरली म्हणाली. हात अजून कण्यावरच होता, आणि ती ओरडत नव्हती. "ही नाव पाण्यात जाईपर्यंत नाही, आणि गेल्यावरही नाही. तुम्हाला पूल नको, तर नको म्हणा. काठावर उभे राहून म्हणा, मी तुम्हाला स्टूल नेऊन देईन. पण या कण्यावर हात ठेवून एवढंच विचारायचं, की याला काम येतं का. बाकीचं जो तो आपल्या घरी घेऊन जाईल."

ती वळली, सांधेवालीला नावेचा तळ दाखवला आणि सरकलेली फळी परत जागी बसवायला होयबाला हाक मारली. होयबाने एकदा आबांकडे बघितलं, एकदा थोरलीकडे, आणि हळूच म्हणाला, "पण ताई, मी तर नको म्हणालो होतो."

"ते सगळ्यांनी ऐकलं. आता पाचर आण."

आबांनी स्टूल उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि बसले. कुणाशी बोलेनात. जेवणही तिकडेच वळून जेवत. काही हवं असलं तर काकांना सांगत, आणि काका ते थोरलीपर्यंत पोचवत. काका म्हणायचे, आता आवारालाच दोन काठ झालेत आणि मला मेल्याला दिवसभर नाव चालवावी लागते. थोरली हसायची नाही. आबांचं ताट रोज स्वतः वाढायची, रोज स्वतः उचलायची, आणि त्यात काही उरलं असेल तर स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवायची. पण सकाळी मोगरीचा आवाज सुरू झाला की ती कमरेला पदर खोचून उभी असे.

तोंड भिंतीकडे वळवता येतं, कान वळवता येत नाहीत. दिवसभर सांधेवालीचे ठोके आबांच्या पाठीवर पडत. हलके, एकसारखे, पीळ बसला की खणकन वाजणारे. पहिल्या दिवशी ते खांदे आवळून बसले होते. मग खांदे सैल झाले. मग पायाचा अंगठा ठोक्याबरोबर हलू लागला. थोरलीने पाहिलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

एका दुपारी ठोके चालू असताना भिंतीकडून आवाज आला.

"मागे जा. वीतभर मागे. बोदा वाजला."

सांधेवालीने हात थांबवला. वीतभर मागे गेली, बोटाने चाचपलं, आणि खरंच, पीळ तिथे आत उतरला नव्हता.

"बरोबर आहे, आबा," ती म्हणाली. "निसटलंच होतं."

आबांनी डोळे मिटले होते, आणि या खेपेला ते ऐकण्यासाठीच होते. नंतर होयबा दोर वळता वळता कुजबुजला की आता आबा हिला ठेवतील. थोरली म्हणाली, ठेवलेलीच आहे.

नाव पाण्यात सोडायच्या सकाळी सगळा काठ गोळा झाला. नदी चढायला लागली होती, रंग मातकट झाला होता, पण अजून ऐकणारी होती. नाव घसरत गेली, डुलली आणि स्थिर झाली. थोरलीने वल्ही घेतली. सांधेवाली तळाशी बसली, कुठून पाणी येतं का बघायला. उतारू चढायच्या आधी आबा काकांचा हात धरून काठापर्यंत आले. काकांनी थोरलीला विचारलं, आता काय करायचं, यांना चढवायचं का? थोरलीने पाय रोवून नाव काठाशी धरून ठेवली आणि वाट पाहिली. आबांनी काकांचा हात सोडला आणि स्वतः नावेत पाय ठेवला.

ते वाकले. थरथरता तळहात त्यांनी तळावर टेकवला, सांध्यासांध्यावरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो हात उजेडात धरून बघितला. कोरडा होता.

"पुढच्या नावेच्या फळ्यांचं लाकूड आलंय," ते सांधेवालीला म्हणाले. "तेही सुकंच आहे. येशील तेव्हा बघ." आणि मग, नदीकडे बघत, "पूल मात्र नको."

"हवा, आबा."

"नको म्हणतो ना."

"आणि मी हवा म्हणते."

नाव निघाली. उतारू पायताणं पायातच ठेवून बसले होते, आणि कुणीतरी आश्चर्याने पाय पुन्हा पुन्हा तळाला लावून बघत होतं. मध्यावर पहिला लाल खुंट आला. आबा त्याच्याकडे बघून नेहमीसारखे पाण्यात थुंकले. सांधेवालीने जवळून जाताना हात लांबवून खुंटाला स्पर्श केला, एखाद्या पोराच्या डोक्याला करावा तसा. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही पुन्हा भांडायला लागले.

थोरलीचं उत्तर देऊन झालं होतं. तिने वल्ही खोल घातली, प्रवाहाला खांदा दिला आणि नाव सरळ पलीकडच्या काठावर धरली.